थोरलीचा दाब

६ जानेवारी

बारके,

सुरुवातीला ‘प्रिय’ लिहू की नको, या विचारात चहा गार झाला. नकोच. तुलाही खोटं वाटलं असतं आणि मलाही.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘हं, बोल’ म्हणतेस, आणि त्या ‘हं’मध्ये मला अख्खी बैठक पुन्हा ऐकू येते. ऑफिसच्या मेलवर लिहावं तर प्रत साहेबांना जाते. म्हणून हा कागद. दर सोमवारी माझ्या विहिरीच्या गॅसचे नमुने तुमच्याकडच्या प्रयोगशाळेत येतात, त्या बाटल्यांच्या खोक्यात घालते आहे. ड्रायव्हरला सांगितलंय, तुझ्याच हातात द्यायचा. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सख्ख्या बहिणी ना? टेकडीपलीकडेच तर आहेत त्या.’ मी त्याला टायरमधली हवा बघायला पाठवलं.

मुद्द्यावर येते. भरल्या बैठकीत, साहेबांसमोर, तू माझ्या विहिरीचा आलेख पडद्यावर लावलास आणि म्हणालीस, ‘थोरलीचा दाब संपत आलाय. कॉम्प्रेसर एकच मिळणार आहे, तर तो धाकटीवर बसवावा.’ विहिरींना ही नावं ठेवणाऱ्या ड्रिलिंगवाल्या टवाळांना मी कधीच माफ करणार नाही. मी थोरली सांभाळते, तू धाकटी, आणि जो तो गालातल्या गालात हसतो. त्या दिवशीही हसले. मी तिथेच बसले होते गं, तुझ्यापासून दोन खुर्च्यांवर. आदल्या दिवशी एक फोन केला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?

कॉम्प्रेसर न मिळालेल्या विहिरीचं काय होतं हे मी तुला सांगायला नको. नळीत सिमेंट ओततात, वर झाकण ठोकतात, पाटीवर तारीख लिहितात. थोरलीच्या खोदाईला मी पहिल्या दिवसापासून उभी होते. ती पहिल्यांदा वाहती झाली तेव्हा माझ्या कानाला दडे बसले होते आणि मी रडत होते. तुझा जावई, तुझं घर, तुझी बढती, सगळं तुला लखलाभ. माझ्याकडे ही एक विहीर आहे.

(‘जावई’ चुकून लिहिलं. तुझा नवरा म्हणायचं होतं. आई सारखी ‘माझा जावई, माझा जावई’ करत असते ना, ते कानात बसलंय.)

आता माझं म्हणणं ऐक. धाकटी खोदली जाईपर्यंत थोरलीचा दाब ठणठणीत होता. तू वाहती केलीस आणि माझा उतरायला लागला. तू म्हणतेस, दोघींच्या मधे खडकात भ्रंशाची भिंत आहे, इकडचा गॅस तिकडे जातच नाही. मी म्हणते, ती भिंत फक्त तुझ्या नकाशात आहे. खाली एकच सच्छिद्र खडक आहे, त्यातून आपण दोघी ओढतो, आणि तू जास्त जोरात ओढतेस. माझा गॅस तू नेतेस आणि वर मलाच म्हणतेस, तुझा संपला.

सोक्षमोक्ष लावू. दोन्ही विहिरी बंद करायच्या, दाब भरू द्यायचा. मग फक्त तुझी उघडायची. थोरलीच्या तळाशी मी दाबमापक सोडून ठेवते. तू उघडल्यावर माझा दाब पडला, तर चोर कोण ते कळेल. नाही पडला, तर मी तोंड बंद ठेवीन. साहेबांना अर्ज केलाय, तुझी संमती लागते.

— ताई

१३ जानेवारी

बारके,

एवढं लांबलचक पत्र लिहिलं आणि उत्तर काय, तर रिकाम्या बाटलीच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने दोन ओळी: ‘चाचणीला हरकत नाही. एका बाटलीचं झाकण सैल होतं.’

झाकण मी स्वतः आवळलं होतं.

असो. संमती दिलीस, बरं केलंस. साहेब म्हणाले, ‘तुमच्या धाकट्या बहिणीने लगेच होकार दिला, किती समजूतदार आहे.’ मी काय म्हणणार? लहानपणापासून हेच ऐकत आले आहे. मी अर्ज करायचा, पायऱ्या झिजवायच्या, आणि समजूतदार कोण, तर तू.

आराखडा असा: तू बुधवारपासून बंद. मला कारखान्याच्या लाइनीला शुक्रवारपर्यंत गॅस द्यायचाच आहे, म्हणून थोरली शनिवारी सकाळी बंद होईल. सोमवारी सकाळी तू उघडायचीस. थोरली पुढे आठवडाभर बंदच ठेवायची आणि मग दाबमापक वर काढायचा. आतल्या दाबाची नोंद त्याच्यातच साठत राहते, तो बाहेर आल्याशिवाय आपल्याला काही कळत नाही. म्हणजे तोवर भांडायलाही काही नाही.

आई कशी आहे हे तू लिहिलं नाहीस. मी फोन केला तर पहिली दहा मिनिटं तुमच्या लिफ्टचं कौतुक चाललं होतं. ‘अगं, बटण दाबलं की दार उघडतं, आत आरसा आहे!’ मी तिला इथे रहा म्हणून किती विनवलं होतं. माझं क्वार्टर एका मजल्याचं आहे, लिफ्टची गरजच नाही, हे तिला पटेना. आईला जिंकायला मी काय नाही केलं, आणि तू लिफ्टवर जिंकलीस.

मी हसत लिहिते आहे, पण पोटात दुखतंय. स्पष्टच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या खोलीला खिडकी दक्षिणेला आहे, त्याचा वाटतो. तुझा गॅस वर येतो तो कोरडा, स्वच्छ. माझ्या गॅसबरोबर द्रव येतो, तो वेगळा काढताना माझी माणसं मेटाकुटीला येतात, त्याचा वाटतो. जास्तीचा गॅस जाळायची तुझी बत्ती माझ्या स्वयंपाकघरातून दिसते. उंच, सरळ, वाऱ्यालाही न जुमानणारी. माझी आपली पडल्या आवाजात फुरफुरते. मी पडदा ओढून घेते आणि भांडी घासते.

तुला आठवतं? कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात तो आदर्श वायू. दाब दुप्पट केला की निम्म्या जागेत गुमान बसणारा. मग पुढच्या वर्षी हळूच सांगतात, की असा वायू कुठे नसतोच; खरा गॅस दाबाखाली हट्ट करतो, म्हणून गणितात त्याच्या हट्टाचा एक आकडा घालावा लागतो. आपण त्याला ‘वाकडेपणा’ म्हणायचो. आईने एकदा विचारलं, ‘आज काय शिकलात?’ आणि तू म्हणालीस, ‘आज ताईचा वाकडेपणा मोजला.’ आई इतकी हसली. मीही हसले, पण मला ते लागलं होतं. घरात आदर्श वायू कोण, ते विचारायची गरजच नव्हती.

बुधवारी वेळेवर बंद कर. करशीलच म्हणा. तू कधी कशाला उशीर केलायस?

— ताई

१९ जानेवारी, रविवार

बारके,

हे पत्र खरं तर कामाचं नाही. पण दोन्ही विहिरी बंद आहेत आणि मला काही सुचत नाही.

काल सकाळी थोरलीचा मुख्य व्हॉल्व्ह मी स्वतःच्या हाताने फिरवला. शेवटच्या आट्याला पाइप थरथरला आणि मग सगळं गप्प झालं. इतकी वर्षं तो आवाज सतत कानात असतो, त्यामुळे तो आहे हे आपण विसरलेलो असतो. द्रव वेगळा काढणाऱ्या विभाजकाच्या टाकीवर एक पक्षी येऊन बसला. एरवी त्या कंपनाने कोणी बसत नाही.

विहिरीच्या तोंडावरचा काटा चढतोय. तळाचं खरं चित्र दाबमापक बाहेर येईल तेव्हा कळेल, पण वरचा काटाही काही कमी सांगत नाही. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघून येते. ऑपरेटर म्हणाला, ‘मॅडम, सारखं झाकण काढून बघितलं की दूध तापत नाही.’ मी त्याच्यावर ओरडले आणि पुन्हा बघायला गेले. चढतोय गं! ज्या विहिरीचा दाब संपला म्हणालीस, तिचा काटा बघायला ये एकदा.

आणि एक सांगते. आज तुझी बत्ती विझलेली आहे. ती दिसू नये म्हणून मी किती वर्षं पडदा ओढते आहे. आज मुद्दाम पडदा सारून बसले, म्हटलं, बघू या तरी धाकटीशिवायचं आकाश कसं दिसतं. नुसती टेकडी. मला काही करमलं नाही. हे मी लिहायला नको होतं, पण शाईचं पेन आहे आणि दुसरा कागद आणायचा कंटाळा आलाय.

उद्या सकाळी तू उघडशील. तेव्हा पडदा ओढून घेईन.

— ताई

२९ जानेवारी

बारके,

सोमवारच्या गाडीची वाट बघवत नाही, म्हणून खास माणसाबरोबर पाठवते आहे.

दाबमापक काल वर आला. आलेख माझ्यासमोर आहे. थोरली बंद केल्यापासून दाब चढत गेला, चढत गेला, रविवारी छान फुगला, आणि सोमवारी दुपारपासून उतरायला लागला. सोमवारी! आराखड्यातली तुझ्या उघडण्याची वेळ मी आलेखावर लाल पेन्सिलीने उभी रेघ मारून दाखवली आहे. रेघेच्या अलीकडे चढ, पलीकडे उतार. शाळेतल्या पोरालाही दिसेल. तू तोंड उघडलंस आणि माझ्या पोटातला गॅस निघाला.

भिंत म्हणे! कुठे आहे तुझी भिंत?

मी अहवाल लिहिला आणि लगेच साहेबांकडे दिला. ‘धाकटी विहीर थोरलीच्या साठ्यातून उत्पादन घेत असल्याचे सिद्ध होते.’ ‘सिद्ध होते’ लिहिताना मला जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही. साहेबांनी आलेख बघितला, लाल रेघ बघितली आणि म्हणाले, ‘हे तर अगदी उघड आहे.’ कॉम्प्रेसर थोरलीला मिळणार. धाकटीचं उत्पादन निम्म्यावर आणायचं. येत्या बैठकीत तसं जाहीर होईल आणि तू तुझ्या नकाशासकट तिथे बसलेली असशील. मी दोन खुर्च्यांवर असेन.

आता तुला कळेल, भरल्या बैठकीत आपल्या माणसाने आपला आलेख लावला की कसं वाटतं.

साहेब जाता जाता म्हणाले, ‘बहिणीशी बोलून घेतलंत ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ बोलण्यासारखं काय आहे त्यात? दाबमापकाला नाती कळत नाहीत, म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

आज मी ऑफिसातल्या सगळ्यांना चहा पाजला. आईला फोन करून सांगणार होते, पण तिला यातलं काय कळणार, आणि तुझ्या घरात बसून ती माझ्या बाजूने आनंद तरी कसा मानणार? म्हणून नाही केला.

— ताई

३ फेब्रुवारी

बारके,

बाटलीच्या चिठ्ठीवर तुझे दोन शब्द मिळाले: ‘अहवाल वाचला.’

बास? भांड की! चूक काढ. ‘ताई, तू आंधळी आहेस’ म्हण. तू नेहमी अशीच गप्प बसतेस, आणि मग समोरचा माणूस आपोआप खलनायक ठरतो. ही तुझी जुनी खोड आहे.

एक किरकोळ गोष्ट विचारायची आहे. काल आईचा फोन आला होता. लिफ्ट बिघडली आहे म्हणे, आणि त्यामुळे ती माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली. बोलता बोलता म्हणाली, ‘तुम्ही दोघी कधी बोलायला लागणार गं? ती बिचारी तुझ्यासाठी साहेबांची बोलणी खाते आणि तुला पत्ताही नसतो.’

मी म्हटलं, ‘कसली बोलणी?’

‘अगं तो परवाचा... तो नाही का, सोमवार. मी इथेच बसले होते. हिला साहेबांचा फोन. ते ओरडतायत, उघडा म्हणून, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. आणि ही शांतपणे म्हणते, नाही, थोरली शनिवारी बंद झालीय, तिला भरायला दोन दिवस पुरायचे नाहीत, आज उघडलं तर ताईच्या विहिरीवर अन्याय होईल. नंतर माझ्याशी पण नीट बोलली नाही ती. मंगळवारी दुपारी जेवायला आली तेव्हा म्हणाली, आई, झालं, उघडली. काय उघडली ते मी विचारलं नाही. तुमचं ते काय असतं, नळ का काय.’

आईला वार कधी लक्षात राहतात? मागे तिने माझा वाढदिवस एक दिवस आधी साजरा केला होता. तिच्या बोलण्यावर कोणी अहवाल बदलत नाही. तरी पण, नुसतं नोंदीसाठी, तू धाकटी नक्की कधी उघडलीस ते कळव. आराखड्यात सोमवार सकाळ होती. तू कधी कशाला उशीर करत नाहीस, म्हणून मी तीच वेळ धरली.

घाई नाही. पण ड्रायव्हरला परत येताना तुझ्या दारावरून यायला सांगितलंय. चिठ्ठी त्याच्याकडेच दे.

— ताई

५ फेब्रुवारी

बारके,

चिठ्ठी मिळाली. ‘मंगळवार, दुपार.’

मी आलेख पुन्हा काढला. लाल रेघ खोडली आणि मंगळवार दुपारवर नवी मारली. माझा दाब त्याच्या एक दिवस आधीच उतरायला लागला होता, तुझा व्हॉल्व्ह घट्ट बंद असताना. आणि तू खरंच उघडलीस त्या जागी माझ्या रेषेला साधा धक्कासुद्धा नाही. त्यानंतर पुढचे सगळे दिवस सपाट. तू ओढते आहेस आणि मला त्याची खबरही नाही. भिंत आहे. तुझ्या नकाशात आहे तिथेच आहे.

मग दाब का उतरला? हे तुला माहीत असणारच, आणि तरी मला लिहायचं आहे, कारण दुसऱ्या कोणाला लिहिलं तर त्याला कळायचं नाही. थोरलीच्या नळीत गॅस आणि द्रव एकत्र असतात. विहीर बंद केली की गॅस नळीतून वर सरकतो, द्रव खाली बसतो, आणि कोंडलेल्या गॅसमुळे तळाचा दाब खऱ्यापेक्षा जास्त फुगतो. मग हळूहळू द्रव खडकात परत शिरतो आणि फुगलेला दाब उतरून जागेवर येतो. विहिरीची नुसती ढेकर. कोणी काही नेलं नाही, आणलं नाही. पुस्तकात हा उंचवटा अख्ख्या पानभर काढलेला आहे. तेच चित्र नव्या पोरांना दाखवून मी विचारते, ‘सांगा, इथे काय चुकेल?’ आणि ती मान खाली घालतात.

आणि हेही त्याच पानावर आहे, की असा ठळक उंचवटा बहुतेक कुठे दिसतो, तर जिथे विहिरीच्या अगदी भोवतालचा खडक तुंबलेला असतो तिथे. कोंडलेला दाब लवकर बाहेर पडू शकत नाही म्हणून. थोरलीचा साठा संपलेला नाही, बारके. तू बैठकीत म्हणालीस तेही चूक होतं, एवढं तरी मला म्हणू दे. तिच्या लांबच्या खडकात गॅस आहे. मी तिला फार जोरात ओढलं. धाकटी वाहती झाली, तुझे आकडे दर महिन्याला फळ्यावर माझ्या आकड्यांच्या वर लागायला लागले, आणि मी व्हॉल्व्ह मोकळा सोडला. तुझ्या पुढे जायचं म्हणून. त्याने विहिरीजवळचा दाब इतका उतरला, की गॅसमधूनच द्रव सुटला आणि दगडाच्या छिद्रांत बसला. दाब कमी केला की या गॅसचं पाणी होतं, हा त्याचा उलटा स्वभाव मला तोंडपाठ आहे, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते. गॅस आला, पण हाताच्या अंतरावर येऊन अडकला. आणि मी टेकडीपलीकडे चोर शोधत होते.

दोघींच्या गॅसचे निकाल दर आठवड्याला शेजारी शेजारी छापून माझ्या टेबलावर येतात. तुझा कोरडा, माझा ओला. एकाच साठ्यातले असते तर असे कसे असते? मी ते वाचत होते आणि तुझा हेवा करत होते. त्याचा अर्थ लावायचं राहून गेलं.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. तू कधी उघडलीस हे एका फोनवर कळलं असतं. पण तो फोन तुला करावा लागला असता.

आज सकाळी साहेबांकडे गेले. म्हटलं, ‘अहवाल चुकलाय. मागे घेते.’

ते म्हणाले, ‘कारण लेखी द्यावं लागेल.’

मी म्हटलं, ‘लिहा, बहिणीला वेळ विचारली नाही.’

त्यांना आधी चेष्टा वाटली. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘त्या सोमवारी मी तिला वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली होती, ताई आलेख बरोबर वाचेल, तेवढा वेळ तिला द्या. अहवाल आला तेव्हा मला वाटलं, उशिराची वेळ तुम्ही धरलीच असणार.’ मी उभीच होते. मला खुर्ची दिसत होती, पण बसावंसं वाटेना.

तर आता असं आहे. कॉम्प्रेसर तुझा. धाकटी पूर्ण जोरात चालणार. बैठकीत मी स्वतः उठून सांगणार आहे, तू मान खाली घालून बसू नकोस, मला ते सहन होणार नाही. आणि थोरली महिनाअखेरीला सिमेंट भरून बंद करायची, असं साहेबांनी लिहिलं.

एकच मार्ग आहे, तो मी त्यांना सांगितला. तुंबलेला द्रव काढायचा तर थोरलीत कोरडा गॅस उलटा सोडायचा. तो खडकात शिरतो, द्रवाला आपल्यात घेतो, आणि विहीर पुन्हा उघडली की त्याला घेऊन बाहेर येतो. मग मी तिला हळू चालवीन, दाब राखून, फळ्याकडे न बघता. पण असा कोरडा गॅस या सगळ्या परिसरात एकाच विहिरीत आहे. तुझ्या. तुझा दाब माझ्यापेक्षा जास्त असल्यामुळे कॉम्प्रेसरही लागणार नाही. चाचणीची जुनी लाइन टेकडीवरून येतेच, ती जोडली की गॅस आपला आपण येईल.

साहेब म्हणाले, ‘होईल. पण तो तिच्या खात्यातला गॅस आहे, तिचे महिन्याचे आकडे पडतील. तिच्या सहीशिवाय मी करणार नाही. आणि ती का देईल, ते तुम्हीच तिला विचारा.’

म्हणून विचारते आहे. ज्या गॅसवरून तुला चोर म्हटलं, तो माझा कधीच नव्हता. आता मला खरोखरच तुझा गॅस हवा आहे. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. तुझी क्षमा मागणार होते, पण क्षमा आणि गॅस एकाच पत्रात मागितले तर क्षमा खोटी वाटेल. तेव्हा आज फक्त गॅस मागते. क्षमा समोर येऊन मागीन, तुझ्या दारात, जिने चढून, तुमची लिफ्ट चालू असली तरी.

माझा हेवा गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. तू सही करशील, मला ठाऊक आहे. हा कागद वाचून होण्याआधीच पेन शोधशील. तुझ्या जागी मी असते आणि तू मागितलं असतंस, तर मी केली असती का, हे मी आज सकाळपासून स्वतःला विचारते आहे, आणि उत्तर येत नाही. लिफ्ट, बत्ती, दक्षिणेची खिडकी, हे सगळं मी उगीच मोजत बसले. मला हेवा याचाच होता.

ड्रायव्हर बाहेर थांबलाय. हो म्हण.

— ताई